गुलाबातलं पाणी

मराठीत आपण 'गुलाब' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर फूल येतं. पण मुळात हे फुलाचं नाव नाही. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचं पाणी, आपण ज्याला गुलाबपाणी म्हणतो ते. म्हणजे 'गुलाबपाणी' म्हणताना आपण पाणी दोनदा म्हणतो. पंजाब, दोआब या नावांतलं 'आब' आपल्याला चटकन ओळखू येतं, गुलाबातलं मात्र कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

ही व्युत्पत्ती सांगण्यामागे एक कारण आहे. वसई-विरारमध्ये अंगणात, वाडीच्या कडेला किंवा फ्लॅटच्या ग्रिलमध्ये गुलाब लावायचा म्हटलं, तर बाकी सगळं विकत मिळतं. कलम मिळतं, शेणखत मिळतं, लाल मातीची गोणीसुद्धा घरपोच येते. पाणी मात्र जिथलं असेल तिथलं वापरावं लागतं. आणि बागेतल्या झाडांमध्ये पाण्याची चव गुलाबाइतकी लवकर सांगणारी झाडं थोडी. पाण्यात क्षार वाढले की पानांच्या कडा करपतात, नवी फूट आखूड येते, कळी उमलायच्या आत सुकते. जास्वंद, तगर तेवढ्याने कुरकुर करत नाहीत. त्यामुळे वसईतल्या गुलाबाचा इतिहास लिहायला बसलं की तो बघता बघता वसईच्या गोड्या पाण्याचा इतिहास होतो.

फुलाआधी बाटली आली

संस्कृत वैद्यकग्रंथांत गुलाबाला 'शतपत्री', 'तरुणी' अशी नावं आहेत. म्हणजे फूल आपल्याला अगदीच अनोळखी नव्हतं. पण रोजच्या बोलण्यात टिकलं ते फारसी नाव, तेही पाण्याचं. यामागे व्यापार आहे. इराणच्या फार्स प्रांतातलं जूर, म्हणजे आजचं फिरोझाबाद, गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध होतं. तिथलं गुलाबपाणी हिंदुस्थान आणि चीनपर्यंत जातं, असं दहाव्या शतकातल्या अरब भूगोलकारांनी लिहून ठेवलं आहे. हेच भूगोलकार पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांच्या यादीत 'सुबारा' हे नाव घेतात. सुबारा म्हणजे आपलं सोपारा. आज आपण त्याला नालासोपारा म्हणतो आणि संध्याकाळी तिथे लोकलमधून उतरायला मिळालं तर देवाचे आभार मानतो. एकेकाळी ते जहाजांचं बंदर होतं.

हजार वर्षांपूर्वीच्या बंदरातल्या माणसाला गुलाबाची ओळख आधी बाटलीतून होणं स्वाभाविक होतं. फूल दोन दिवसांत सुकतं, पाणी समुद्र ओलांडून येतं. पुढे मोगल काळात अत्तर आलं. नूरजहानच्या आईने गुलाबपाणी काढताना वर जमलेलं तेल वेगळं केलं आणि त्यातून अत्तर निघालं, अशी नोंद जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. मराठी घरांत या सगळ्यातून उरली ती गुलाबदाणी. लग्नात दारात उभं राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडणं, मनगटाला अत्तर लावणं, हळदीकुंकवाला तांब्याच्या किंवा चांदीच्या गुलाबदाणीची शोधाशोध करणं. ज्या घरांच्या अंगणात गुलाबाचं एकही झाड नव्हतं, त्या घरांतही गुलाबदाणी असे.

वसईला आणखी एक दुवा आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यात चर्च आणि मठ उभे राहिले. त्यांत डोमिनिकन पंथाचाही मठ होता. रोझरीच्या भक्तीचा प्रसार करण्यात हा पंथ पुढे होता. रोझरी हा शब्द लॅटिन 'रोझारियुम'वरून आला, आणि रोझारियुम म्हणजे गुलाबाची बाग. वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी जी जपमाळ म्हणतात तिच्या नावात अशी एक आख्खी बाग आहे. काजू, अननस, पपई, पेरू ही झाडं पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली हे शाळेत शिकवतात. गुलाबाच्या बाबतीत त्यांनी झाडापेक्षा नावं जास्त दिली. रोझा, रोझी, रोझारियो ही नावं आजही वसईच्या हजेरीपटावर असतात.

पुळणीखालचं गोडं पाणी

जमिनीकडे वळू. जुनी वसई म्हणजे जवळपास बेटच. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी आणि पूर्वेकडून आत शिरलेली सोपाऱ्याची खाडी. चारही बाजूंनी खारं पाणी असताना मधल्या पट्ट्यात केळी, ऊस, पानवेली, नारळ पिकत. आगाशीची सुकेळी आणि वसईचं विड्याचं पान दूरवर जाई. हे जमलं कसं, याचं उत्तर वाळूखाली आहे.

पावसाचं पाणी रेताड जमिनीत मुरतं आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, कारण ते थोडं हलकं असतं. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५, गोड्या पाण्याची १. हा फरक एवढासा वाटतो, पण त्यातून एक जबरदस्त हिशेब निघतो. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी राहू शकतं. बॅडन गायबेन या डच लष्करी अभियंत्याने १८८८-८९ च्या सुमारास आणि हर्झबर्ग या जर्मनाने १९०१ मध्ये हे सूत्र स्वतंत्रपणे मांडलं. सूत्र उलटंही चालतं. पंप लावून पातळी एक मीटर खाली आणली, की तळातून खारं पाणी हळूहळू चाळीस मीटर वर यायला मोकळं होतं.

वसईच्या शेतकऱ्यांनी गायबेनचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्यांची व्यवस्था या सूत्राला धरून होती. वाडीत बावखल असे. बावखल म्हणजे न बांधलेला, उतरत्या काठांचा खोलगट खड्डा, मोठ्या तळ्याचा धाकटा भाऊ. पावसाळ्यात तो भरे आणि ते पाणी सावकाश जमिनीत मुरे. काठावर झाडं, पाण्यात मासे. शेजारी विहीर आणि तिच्यावर रहाट. इंग्रजांनी रहाटाला 'पर्शियन व्हील' असं नाव दिलं, पण आपला शब्द संस्कृतातल्या 'अरघट्ट'वरून आला आहे. बैल किंवा रेडा गोल फिरे, गाडगी भरून वर येत आणि पन्हळीत रिकामी होत. जनावर दमलं की रहाट थांबे आणि तेवढ्या वेळात विहिरीत पाणी पाझरून येई. उपशाला जनावराच्या दमाची मर्यादा होती, म्हणून खालचं खारं पाणी खालीच राहिलं.

वाडवळ, सामवेदी, पाचकळशी, कुपारी अशा समाजांनी पिढ्यानपिढ्या हे पाणी वापरून बागायत केली. 'वाडवळ' या नावातच वाडी आहे. अशा वाडीत फुलझाडांची जागा कडेला असे. मुख्य पाणी केळीला आणि पानवेलीला. पन्हळीतून सांडलेलं, धुण्याच्या दगडावरून वाहिलेलं, न्हाणीघरामागे साचलेलं पाणी फुलांना. देशी गुलाब अशा जागी बरा वाढतो. त्याला पाणी हवं, पण मुळाशी साचून राहिलेलं चालत नाही, आणि रेताड जमिनीत पाणी साचत नाही. किनाऱ्यावरच्या बागायतीत सुक्या मासळीचं खत घालायची रीत जुनीच आहे. पाकळ्यांचं गुलकंद व्हायचं, उरलेली फुलं देवाला किंवा क्रुसाला.

बुर्बोनचा खुंट, ल्याँचं फूल

हा देशी गुलाब म्हणजे दमास्क जातीचा. वास भरपूर, पाकळ्या नाजूक, बहर ठरावीक काळापुरता. आज आपण नर्सरीतून जो गुलाब आणतो, जो छाटला की पुन्हा पुन्हा फुलतो, तो वेगळा. त्याची वंशावळ वसईपासून फार लांब सुरू होते, पण वाटेत हिंदुस्थानचं नाव लागतं.

वर्षभर फुलण्याचा गुण चिनी गुलाबाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस कँटनजवळच्या रोपवाटिकांमधले चिनी गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्त्यामार्गे इंग्लंडला गेले. युरोपात ते हिंदुस्थानचेच समजले जात. त्याआधीच, १७५३ मध्ये, लिनियसने चिनी गुलाबाला 'रोझा इंडिका' असं नाव देऊन टाकलं होतं. चीनच्या झाडाला हिंदुस्थानचं नाव, आणि आपण त्याला इराणच्या पाण्याचं नाव दिलेलं. गुलाबाच्या कागदपत्रांत गावाचा रकाना कधीच बरोबर भरलेला नसतो.

पुढचा टप्पा हिंदी महासागरातला. मादागास्करच्या पूर्वेला फ्रेंचांचं एक बेट आहे, आज त्याला रेयुनियन म्हणतात, तेव्हा बुर्बोन म्हणत. तिथले शेतकरी शेताला गुलाबाचं कुंपण करत. एका कुंपणात दमास्क आणि चिनी गुलाब शेजारी शेजारी लावलेले होते आणि त्यांच्या संकरातून एक नवं झाड उगवलं. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेऑनने १८१९ च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला पाठवलं आणि युरोपात बुर्बोन गुलाबांचं पर्व सुरू झालं. बेटावर या गुलाबाला 'रोझ एदुआर' म्हणत. आपल्याकडच्या रोपवाटिकांत 'एडवर्ड' म्हणून जो खुंट वापरतात, तो हाच एदुआर. काटक, मुळं धरणारा, उष्ण हवेत न कुरकुरणारा. आपल्या कुंडीतलं फूल लाल असो की पिवळं, मातीखाली पुष्कळदा हा बेटावरचा एडवर्ड काम करत असतो.

घरी गुलाब लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं तर एक नेहमीचं कोडं सुटतं. "आणला तेव्हा मोठी लाल फुलं येत होती, आता नुसतीच गुलाबी बारीक फुलं येतात, झाड बदललं का?" झाड बदलत नाही. डोळा भरलेल्या सांध्याच्या खालून खुंटाला फूट आली आणि ती जोमाची असल्याने तिने वरच्या कलमाला उपाशी ठेवलं. सात पानांचा फुटवा जंगली, पाच पानांचा चांगला, असं सांगतात. ते दर वेळी खरं ठरत नाही. फूट सांध्याच्या वरून आली की खालून, एवढंच बघावं आणि खालची असेल तर मुळाशी धरून उपटावी. नुसती कापली तर दुप्पट जोमाने येते.

१८६७ हे साल गुलाबाच्या इतिहासात महत्त्वाचं. त्या वर्षी ल्याँच्या गियो नावाच्या बागायतदाराने 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला. तो पहिला हायब्रिड टी मानतात. मोठी, टोकदार कळी, लांब दांडा, पुन्हा पुन्हा बहर. त्याच्या आधीचे गुलाब जुने आणि नंतरचे आधुनिक, अशी वाटणी या सालावर करतात. आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत बीबीसीआय रेल्वेची पहिली उपनगरी गाडी धावली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पुढच्या शंभर वर्षांत वसईच्या फुलांचं जे झालं, त्याला दोन्ही लागल्या.

पहाटेची गाडी

फूल हा माल असा की त्याला बाजार जवळ लागतो. केळी सुकवून ठेवता येतात, पान ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस टिकतं, फूल सकाळचं संध्याकाळी शिळं होतं. रेल्वेमुळे वसईची सकाळ आणि मुंबईची सकाळ एक झाली. वाड्यांमध्ये रात्री किंवा भल्या पहाटे तोडलेली फुलं पाट्यांतून आणि गाठोड्यांतून पहिल्या गाड्यांच्या लगेजच्या डब्यात चढू लागली आणि उजाडायच्या आत दादरला पोचू लागली. केळी आणि पानवेल यांचं महत्त्व उतरत गेलं तसं अनेक वाड्यांत फुलांनी त्यांची जागा घेतली. वसईचं फूल म्हणजे आधी मोगरा आणि सोनचाफा. मग जास्वंद, तगर, कागडा. गुलाब या रांगेत आहे, पण पुढे नाही. हाराला लागणारा सुटा गुलाब, देवाला वाहायचा, मुलाच्या शर्टाला लावायचा, अशी त्याची जागा होती.

स्वातंत्र्यानंतर देशात घरगुती गुलाबाची एक लाटच आली. नेहरूंच्या शेरवानीवरचं फूल सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पण खरं काम डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचं. ते गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. उरलेल्या वेळात त्यांनी भारतीय हवेला टिकतील असे गुलाब तयार केले आणि १९६६ मध्ये 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. डॉ. होमी भाभांच्या नावाचा त्यांचा पांढरा गुलाब आहे. याच काळात १९५५ चा अमेरिकी 'ग्लॅडिएटर' महाराष्ट्रात पसरला. लालसर, मोठा, दांड्याला ताठ. शेतकऱ्यांनी तो बाजारासाठी लावला आणि लोकांनी अंगणात.

पुढे मावळात, तळेगावच्या परिसरात, पॉलिहाउसमधला डच पद्धतीचा गुलाब सुरू झाला. एकसारख्या दांड्याचा, कागदात गुंडाळलेला, व्हॅलेंटाइन डेला परदेशी जाणारा. उघड्या वाडीतल्या गुलाबाला बाजारात त्याच्यापुढे उभं राहणं कठीण होतं. त्यामुळे वसईत गुलाब पुन्हा जिथून आला होता तिथे गेला, घराच्या दाराशी.

छाटणीचं पंचांग

गुलाबावरची बरीचशी इंग्रजी पुस्तकं थंड देशांसाठी लिहिलेली असतात. त्यांतलं वेळापत्रक इथे लावलं तर झाड गोंधळतं. थंड देशात हिवाळा संपता संपता छाटणी करतात. आपल्याकडे झाडाचा वाईट काळ पावसाळा. जून ते सप्टेंबर दमट हवेत पानांवर काळे ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन गळतात, फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. ऑक्टोबरात पाऊस थांबून ऊन तापलं, की छाटणीची वेळ. मेलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या. उरलेल्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरक्या कापायच्या आणि कापावर बोर्डो पेस्ट लावायची. तीही बोर्दोच्या द्राक्षबागांतून १८८५ मध्ये जगभर गेली. मुळाशी कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड.

छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ दिवस लागतात. हा आकडा हाताशी असला की उलटा हिशेब करता येतो. नाताळला फूल हवं तर नोव्हेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत कात्री लावायची. दिवाळीला हवं असेल तर भर पावसात छाटावं लागेल, आणि ते झाडाला मानवत नाही. गणपतीत इथला गुलाब बहुधा काळ्या ठिपक्यांनी बेजार असतो, म्हणून बाप्पाला जास्वंद. कॅथलिकांमध्ये ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि नेमका त्याच महिन्यात वसईतल्या गुलाबावर फूल नसतं, असते ती छाटलेली काटकी. तिचा बहर नाताळाच्या मार्गी लागलेला असतो.

हे सगळं मी वाचून आणि शेजारच्या माणसांना विचारून शिकलो. नालासोपारा पूर्वेला चौथ्या मजल्यावर माझ्या ग्रिलमध्ये तीन कुंड्या आहेत. ऊन सकाळी चार तास. दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या प्रणालीत काय बिघडलं ते शोधायचं आणि संध्याकाळी पानाखाली लाल कोळी दिसतो का ते बघायचं. दोन्ही कामांत एक साम्य आहे. बिघाड दिसतो एका जागी, कारण असतं दुसरीकडेच. एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या की बहुतेक जण औषध फवारायला धावतात. कारण पाण्यात असतं.

पंप, टँकर, मीठ

वसईच्या विहिरींवर विजेचे पंप बसले आणि रहाट थांबले. पंपाला दम लागत नाही. तरीही शेतीपुरता उपसा होता तोवर निभत होतं. ऐंशीच्या दशकात रेल्वेच्या दोन्ही बाजूंना इमारती वाढू लागल्या. मुंबईत घर न परवडणारी माणसं वसई रोड, नालासोपारा, विरारला उतरू लागली. माझ्यासारख्या हजारोंच्या आईवडिलांनी तेव्हाच इथे घरं घेतली. इमारती आल्या, नळाचं पाणी आलं नाही. ती तूट टँकरने भरून काढली आणि टँकर भरले पश्चिमेच्या वाड्यांमधल्या विहिरींवर. १९९० मध्ये सिडकोकडे या भागाच्या नियोजनाचं काम आलं, तेव्हा वाड्या राहणार की इमारती, हा प्रश्न उघडपणे उभा राहिला.

गायबेनचं सूत्र इथे कामाला लागलं. पातळी खाली गेली, खालचं खारं पाणी वर सरकलं. विहिरी मचूळ झाल्या. केळीचे गड लहान पडू लागले, पानवेली जळाल्या, नारळ तग धरून राहिला कारण त्याला खारं थोडंफार चालतं. याविरुद्ध जी चळवळ उभी राहिली तिचं नाव 'हरित वसई'. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे अग्रणी होते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, पुढे उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैत ते गेले. हिरवाई वाचवा, असं त्या चळवळीबद्दल थोडक्यात सांगितलं जातं. पण मोर्चात आलेल्या बागायतदाराला हिरवाई म्हणजे काय हे ठाऊक होतं. आपल्या विहिरीचं पाणी आपल्या पिकाला गोडं राहणं, एवढा तिचा अर्थ. हिरवा रंग त्या पाण्यामागून आपोआप येतो.

दुसऱ्या बाजूची माणसं खलनायक होती असं मात्र मला म्हणता येत नाही, कारण त्यांतला मी एक. टँकरचं पाणी आमच्या टाकीत पडत होतं. ज्या बावखलात पाऊस मुरायचा ते बुजवून जी जमीन तयार झाली, तिच्यावर कुणाचं तरी घर उभं राहिलं, आणि त्या घरातल्या माणसालाही पहाटे साडेपाचची लोकल पकडायची होती. बावखलं बुजल्याचा हिशेब दोन्हीकडून चुकता करावा लागला. उन्हाळ्यात विहिरी खारट आणि पावसाळ्यात रस्ते तुंबलेले. २०१८ च्या जुलैत वसई-विरार अनेक दिवस पाण्यात होतं, गाड्या बंद होत्या, मिठागरांतली माणसं अडकली होती. तळमजल्यावरच्या अंगणांत पाणी साचून राहिलं तेव्हा जे गेलं त्यात गुलाबही होते. मुळाला हवा मिळाली नाही की गुलाब काही दिवसांतच मान टाकतो.

सूर्येचं पाणी

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२ लाखांवर होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आज माझ्या नळाला जे पाणी येतं ते मुख्यतः सूर्या नदीचं. धामणीच्या धरणातून, डोंगरपट्ट्यातून, लांबच्या जलवाहिनीने. एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक योजनेतून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणायचं ठरलं आहे. त्यातलं १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला, बाकीचं मीरा-भाईंदरला.

गुलाबाच्या दृष्टीने हे पाणी उत्तम आहे. क्षार मोजायचा खिशात मावेल एवढा मीटर मिळतो, पाणी शुद्ध करायच्या यंत्राच्या दुरुस्तीला येणाऱ्यांकडे असतो तसला. नळाचं पाणी असेल तेव्हा त्याच्यावरचा आकडा खाली असतो, टँकर आला की वर उडी मारतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा मार्गच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. माणूस चालवून घेतो, गुलाब घेत नाही. कुंडीत तर क्षार साठत जातात, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. उपाय एकच, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कुंडी खालून धार लागेपर्यंत धुऊन काढायची. एरवी हे काम पावसाळा करतो.

पण सूर्या प्रकल्प शहरांसाठी बांधलेला नव्हता. डहाणू, पालघर, विक्रमगड या तालुक्यांतल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून तो होता आणि तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी हे पाणी शहरांकडे वळवण्याला सातत्याने विरोध केला आहे. जिल्हा एकच. वसईच्या बागायतदाराने ऐंशीच्या दशकात जे म्हटलं, तेच तिकडचा शेतकरी आज म्हणतो: पाणी आमच्या जमिनीखालचं, आमच्या डोंगरातलं, आधी आम्हाला. फरक इतका की तेव्हा टँकर दारात उभा दिसायचा, आता नळ पुरलेले आहेत. जव्हार-विक्रमगडच्या शेतकऱ्यांनी मधल्या काळात मोगरा लावला आहे आणि त्याच्या कळ्या दादरच्या बाजारात जातात, तिथे वसईच्या मोगऱ्याशेजारी विकल्या जातात. उन्हाळ्यात त्या मोगऱ्याला पाणी लागतं आणि माझ्या तीन कुंड्यांनाही लागतं.

म्हणून मी एक हिशेब मांडला. कुंडीतल्या एका गुलाबाला उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर पाणी धरलं, तर तीन कुंड्यांना सहा लिटर. पावसाचे चार महिने सोडले तर उरतात सुमारे २४५ दिवस. म्हणजे वर्षाला १४७० लिटर, हिवाळ्यात त्याहून कमी. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. तेव्हा आमच्या इमारतीच्या गच्चीच्या एका चौरस मीटरवर, म्हणजे एका माणसाने छत्री उघडून उभं राहावं एवढ्या जागेत, चार महिन्यांत दोन हजार लिटर गोडं पाणी पडतं. तीन गुलाबांना वर्षभर पुरून उरेल इतकं. उरलेली सगळी गच्ची गटारात जाते.

अडचण साठवायची आहे. दीड हजार लिटरची टाकी ग्रिलमध्ये मावत नाही, आणि सोसायटीच्या सभेत पावसाच्या पाण्याचा विषय पार्किंगच्या नंतर येतो, म्हणजे येतच नाही. साठवणीचं हे काम पूर्वी बावखल करत असे, आख्ख्या वाडीसाठी. गेल्या काही वर्षांत पश्चिमेच्या गावांमध्ये तरुणांनी एकत्र येऊन काही बावखलांमधला गाळ आणि प्लास्टिक काढलं आहे. पावसाळ्यात ती पुन्हा भरतात. ते पाणी माझ्या चौथ्या मजल्यावर येणार नाही, पण जमिनीखाली जाऊन खारं पाणी चार बोटं मागे रेटेल, आणि काठावरच्या घराच्या अंगणात कुणी गुलाब लावला असेल तर मे महिन्यातही त्याच्या पानांच्या कडा हिरव्या राहतील.

येत्या सभेसाठी मी हाच हिशेब एका कागदावर छापून ठेवला आहे. त्यात गुलाबाचं नाव नाही, फक्त लिटर आहेत. विषय पार्किंगच्या आधी घ्यावा, अशी विनंती वरच्या ओळीत केली आहे.